उभ्या झाडाचा खुंट

निसर्गात संतुलन आपोआप राहते. कार्यालयात ते राखावे लागते, आणि राखायचे म्हटले की कर्मचारिवर्ग लागतो. याच उदात्त हेतूने वनखात्यात 'उत्पादन व संरक्षण संतुलन कक्ष' स्थापन झाला. कक्षाच्या दर्शनी भिंतीवर एक पितळी तराजू टांगलेला होता. त्याच्या एका पारड्यात लाकडाचा ओंडका होता, दुसऱ्यात लाकडाचाच कोरलेला पक्षी होता, आणि दोन्ही पारडी समपातळीत राहावीत म्हणून ती खिळे मारून भिंतीला पक्की केलेली होती.

कक्षाचा नियम सुबोध होता. जेवढे वाचवायचे तेवढेच तोडायचे. दुर्मीळ पक्ष्याचे एक घरटे नोंदले गेले की त्याच्या भोवतालची शंभर झाडे 'अभय' या सदरात जात; मग पारडे झुकू नये म्हणून दुसरीकडची शंभर झाडे 'तोड' या सदरात वाढवण्यात येत. यात कोणावरही अन्याय होत नाही, असे वार्षिक अहवालात प्रतिवर्षी नमूद होत असे. एकाही झाडाची लेखी तक्रार आलेली नव्हती.

या नियमाची खोली वनरक्षकाला गेल्या वर्षी कळली. सव्वीस वर्षे एकाच डोंगराची राखण केलेला हा साधा माणूस. त्याने मोठ्या उत्साहाने चार घरटी नोंदवली. संतुलनासाठी समोरच्या उतारावरची चारशे झाडे पडली, आणि त्या झाडांवर सात घरटी होती, जी नोंदवायचे त्याच्याकडून राहून गेले होते. न नोंदलेली घरटी नियमाप्रमाणे अस्तित्वातच नव्हती. तेव्हा ती पडली असेही कोणाला म्हणता येईना. त्या दिवसापासून एखादा दुर्मीळ पक्षी दिसला की वनरक्षक लगबगीने दुसरीकडे पाहू लागला. पक्ष्यांचे रक्षण करण्याचा तेवढाच मार्ग त्याच्या हाती उरला होता.

वृक्ष क्रमांक तीनशे सतराच्या बाबतीत मात्र दुसरीकडे पाहून भागण्यासारखे नव्हते. तो वृक्ष आधीच तोडीच्या यादीत चढला होता. दुर्मीळ वन्यजीवांच्या संरक्षणासाठी एक परिषद भरायची होती, तिच्यात चोवीस सन्माननीय सदस्य बसायचे होते, आणि ते सर्व एकाच अखंड गोल मेजाभोवती बसावेत अशी वरिष्ठांची इच्छा होती. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारा बुंधा साऱ्या डोंगरावर एकच होता. आणि त्याच बुंध्याच्या उंच ढोलीत यंदा धनेशाच्या मादीने स्वतःला कोंडून घेतले होते.

धनेश पक्ष्याची रीतच तशी. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचे तोंड लिंपून टाकते. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवते. नर दिवसभर रानफळे आणून त्या फटीतून तिला भरवतो. पिल्लांना पिसे फुटू लागेपर्यंत ती बाहेर येत नाही.

वनरक्षक कार्यालयात गेला. हेडक्लार्कनी त्याचा अर्ज चष्मा पुसून वाचला.

"घरटं आहे म्हणता. मग पक्षी दाखवा."

"मादी आत आहे, भाऊसाहेब."

"मग तिला बाहेर बोलवा. पडताळणीला समक्ष हजर राहावं लागतं."

"ती नाही येत. तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय. पिल्लं जरा मोठी झाली की भिंत फोडून येईल. अजून दोन महिने तरी जातील."

हेडक्लार्कनी लेखणी खाली ठेवली. "भिंत? म्हणजे बांधकाम झालं की हो! राखीव वनात बांधकाम! परवानगी कुणाची घेतली?"

"पाखरू आहे ते, भाऊसाहेब."

"पाखरू असलं म्हणून काय झालं? उद्या अस्वलं माडी बांधतील. बरं, नर तरी तिथं राहतो का?"

"येतो-जातो."

"अनिवासी," असे पुटपुटत हेडक्लार्कनी समासात टिपून घेतले. मग मात्र त्यांचा स्वर मऊ झाला. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. "हे बघा, तुमची तळमळ मला कळते. समजा, खटपट करून हे घरटं मी मंजूर करून आणलं. मग शंभर झाडं कुठली देऊ? तुम्हीच सांगा. ओढ्याकाठची चालतील?"

ओढ्याकाठी दोन घरटी होती. वनरक्षकाने अर्ज उचलला, घडी करून खिशात घातला आणि नमस्कार करून तो बाहेर पडला. तोडीला नऊ दिवस उरले होते.

घरी त्याची मुलगी बाळंतपणासाठी आलेली होती. त्याचा उतरलेला चेहरा पाहून बायको म्हणाली, "घरात एक बाळंतीण, डोंगरावर दुसरी. तुमचा जीव नेमका कुणीकडे अडकलाय, तेच मला कळेनासं झालंय."

"घरातलीला तू आहेस," वनरक्षक म्हणाला.

तोडीची पद्धत अशी होती. झाड पाडण्यापूर्वी बुंध्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का मारायचा. झाड पडल्यावर उरलेल्या खुंटावर दुसरा शिक्का मारायचा. मग वनरक्षकाने नोंदवहीत 'तोडला' असे लिहायचे, की मुकादमाच्या यादीतून तो क्रमांक काटला जाई. शिक्का, वही आणि लेखणी ही तिन्ही वनरक्षकाच्याच पिशवीत असत. सहाव्या दिवशी भर दुपारी तो तीनशे सतराच्या सावलीत जाऊन बसला. नर आला, फटीतून पिवळी चोच बाहेर आली, एक एक फळ मोजून घ्यावे तशी ती आत घेऊ लागली. वनरक्षकाने वही गुडघ्यावर उघडली. सव्वीस वर्षांत त्याने एकही खोटी नोंद केलेली नव्हती, त्यामुळे सराव म्हणून ती त्याने आधी मनात दोनदा लिहून पाहिली. मग त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले : 'वृक्ष क्रमांक ३१७ तोडला. खुंटावर शिक्का मारला.'

ठरल्या दिवशी मुकादम तोडणाऱ्यांना घेऊन आला. दुपारी सारे जण त्याच झाडाखाली शिदोरी सोडून बसले.

"मुकादम, हे केवढं थोरलं झाड! हे घ्यायचं ना?" एकाने विचारले.

"कुठलं?"

"तुम्ही पाठ टेकलीय ना, तेच."

मुकादमाने यादी काढून पाहिली. "हे तुटलंय."

"अहो, पण—"

"पण काय? काट मारलीय बघ. सरकारी शाईची काट आहे. तुझे डोळे मोठे का सरकार मोठं? जेव मुकाट्यानं."

सर्वांनी जेवण केले, न उरलेल्या झाडाच्या सावलीत घटकाभर अंग टाकले आणि ते उरलेली झाडे तोडायला गेले. पुढे यथाक्रम तीनशे चाळीस झाडांचे कागद संतुलन अधिकाऱ्यांच्या मेजावर पोचले. साहेबांनी प्रत्येक कागदावर, 'खुंट प्रत्यक्ष पाहिला, शिक्का स्पष्ट आहे' या वाक्याखाली सही केली. डोंगर सहा मैल चढणीचा होता. सह्या चहा थंड होण्याच्या आत झाल्या.

अडचण आली ती लाकूड आगारात. मेजासाठी सुतार करवत परजून बसला आणि तीनशे सतराचा ओंडका काही येईना. झाड तुटले आहे हे सिद्धच होते. तुटलेले झाड आगारात नाही, याचा एकच अर्थ संभवत होता. वनरक्षकाच्या हाती नोटीस पडली : शासकीय ओंडका परस्पर लांबवल्याबद्दल बडतर्फ का करण्यात येऊ नये? निर्दोष सुटायला त्याला एकच वाक्य पुरे होते. झाड उभे आहे, एवढे म्हणायचे. आणि झाड पाडायलाही तेच वाक्य पुरे होते.

"मग म्हणा ना!" बायको म्हणाली. "नोकरी गेली तर डोंगरही जाईल. दुसरा येईल राखणीला, तो आधी तेच झाड दाखवील."

"आज म्हटलं तर उद्या आडवं होईल. न म्हणता जेवढे दिवस निघतील, तेवढी पिल्लांची पिसं वाढतील."

तेवढ्यात त्याचा मेव्हणा आला. हा पक्षिमित्र मंडळाचा चिटणीस. धनेश वाचवावा म्हणून त्याने दोन हजार सह्या गोळा केल्या होत्या आणि त्या पुठ्ठ्यात बांधून घरी माळ्यावर सुरक्षित ठेवल्या होत्या. सध्या त्याचे घर बांधायला निघाले होते.

"दाजी, मानलं तुम्हाला!" तो पायातले न काढताच म्हणाला. "आम्ही आपले तुम्हाला भोळे समजत होतो. आहे कुठं ओंडका?"

"जिथं होता तिथंच आहे."

"वा! म्हणजे अजून गेलेला नाही. मग दाराची चौकट आपली. आणि दारावर धनेशाची जोडी कोरून घेणार, अगदी चोचीसकट."

"अरे, लाज कशी वाटत नाही तुला?" त्याची बहीण कडाडली.

"लाज कसली, ताई? पाखराची आठवण राहायला नको का?"

मेव्हण्यापाठोपाठ गाव लोटले. शाळेच्या गुरुजींना 'झाडे वाचवा' या फलकांसाठी फळ्या हव्या होत्या. डॉक्टरांना पुस्तकांचे कपाट करायचे होते, आणि पुस्तके वनस्पतिशास्त्राची आहेत हे त्यांनी आवर्जून सांगितले. वनरक्षक प्रामाणिक होता तोवर त्याच्या दाराशी कोणी फिरकले नव्हते. चोर ठरताच बाहेरच्या खोलीत बसायला जागा पुरेना.

चौकशीच्या दिवशी साहेब तराजूखाली बसले. शेजारी हेडक्लार्क कागदांची चळत घेऊन होते.

"शेवटचं विचारतो. ओंडका कुठं आहे?" साहेब म्हणाले. "आत्ता बोला, नाहीतर आत्ताच बडतर्फीच्या कागदावर सही करतो."

पिल्लांची पिसे किती वाढली असतील, याचा वनरक्षक अंदाज बांधत होता. अजून तीन आठवडे कमी पडत होते. मग, ज्याने त्या फटीतली चोच एकदा पाहिली त्याच्या हातून त्या झाडावर घाव पडायचा नाही, एवढ्या एका भाबड्या विश्वासावर तो म्हणाला, "साहेब, आपण एकदा डोंगरावर चला. स्वतः पाहा. मग म्हणाल ती शिक्षा घेईन."

"चला!" साहेब उठलेच. "आत्ता चला. खुंटच पाहतो जाऊन."

हेडक्लार्क खाकरले. "साहेब, खुंट आपण पाहिलाय."

"मी? कधी?"

"बारा तारखेला. ही सही. 'खुंट प्रत्यक्ष पाहिला, शिक्का स्पष्ट आहे.' बाकीचे तीनशे एकोणचाळीसही आपण त्याच दिवशी पाहिलेत." आणि आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "आता पुन्हा पाहायला गेलात, तर पहिल्यांदा काय पाहिलंत, असं कुणीतरी विचारील."

साहेबांनी आपली सही निरखून पाहिली. ती निःसंशय त्यांचीच होती. मग त्यांनी वनरक्षकाकडे पाहिले, आणि काहीतरी त्यांच्या ध्यानात हळूहळू उतरत गेले. ते सावकाश खाली बसले.

"वनरक्षक, तिथं खुंट आहे ना?"

"आपण पाहिलाय म्हणजे असणारच, साहेब."

मग साहेबांनी निर्णय सांगितला. ओंडका अज्ञात इसमांनी पळवला. परंतु या प्रकरणातला एकमेव पुरावा, म्हणजे तो खुंट, अद्याप जागेवर आहे. तोही चोरीला गेल्यास खात्याची अपरिमित नाचक्की होईल. सबब निष्काळजीपणाबद्दल शिक्षा म्हणून, प्रकरणाचा अंतिम निकाल लागेपर्यंत, वनरक्षकाने सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सदर खुंटापाशी पहारा करावा, आणि त्याच्या सभोवती शंभर मीटरच्या आत वरिष्ठांसह कोणासही येऊ देऊ नये. 'वरिष्ठांसह' हा शब्द साहेबांनी स्वहस्ते घातला. खुंट हा वृक्षही नव्हे आणि पक्षीही नव्हे; त्यामुळे त्याला अभय देऊनही ओढ्याकाठचे एक पान हलले नाही.

परिषद ठरल्या दिवशी भरली. मेज अखंड होते, गोल होते आणि आरशासारखे लखलखत होते. ते शेजारच्या विभागातून आले. तिथल्या वनरक्षकाच्या नोंदी बिनचूक असतात.

चौकशीनंतर तीन आठवड्यांनी एका सकाळी मादीने भिंत फोडली. शिक्षा भोगत बसलेल्या वनरक्षकाने ते पाहिले आणि या खेपेस दुसरीकडे पाहिले नाही. घरी मुलगीही सुखरूप मोकळी झाली होती. प्रकरणाचा अंतिम निकाल अजून लागलेला नाही. फाइलीला हात लावण्याची कोणाची छाती नाही.

वाचकांपाशी आता एक गोष्ट कबूल करायला हवी. वृक्षाचा क्रमांक वर तीनशे सतरा असा दिला आहे. तो खरा नाही. वाचकांच्या पक्षिप्रेमाविषयी तिळमात्र शंका नाही. परंतु चार माणसांच्या कवेत न येणारा बुंधा, हे शब्द वाचताना, ढोलीतल्या मादीची काळजी वाटण्याच्या क्षणभर आधी, केवढी रुंद फळी निघेल हो, असे मनात येऊन गेले की नाही, हे ज्याचे त्याने तपासावे. मात्र पाहणी प्रत्यक्ष करावी. नुसती सही करू नये.