बसणे, अर्धा तास

मी हाजराआपांच्या कोटेशनमधली शेवटची ओळ त्यांना न विचारता गाळली.

शहाद्यात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. पूर्वी तिथे टायपिंगचा क्लास होता म्हणून गाव मला अजून मास्तर म्हणतं. तीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण बडवल्यावर माणसाला वाटायला लागतं, की हे आपल्यावर सोपवलं असतं तर बरं झालं असतं. एकदा एका लग्नपत्रिकेत जागा पुरेना म्हणून मी दोन मामा गाळले होते. लग्न झालं, मामा आले नाहीत. त्यातून मी काही शिकलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही.

हाजराआपांना मात्र ओळखायलाच हवं. वय साठीच्या पुढे, काळा बुरखा, तोंडावरचा पडदा मागे टाकलेला, काखेत छत्री, पायांत रबरी चपला. साफसफाईची कामं घेतात. लग्नाचे हॉल, दवाखाने, शाळा, नवे बंगले. हाताखाली नऊ बायका, म्हसावदच्या वरच्या अंगाच्या, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या.

कामाचा भाव ठरवायला आपा जातात तेव्हा टेप नेत नाहीत, वही नेत नाहीत. दारात चपला काढतात आणि सगळी इमारत अनवाणी फिरतात. सावकाश, डोळे अर्धे मिटून. कोपऱ्यात थांबतात, अंगठ्याने फरशी चाचपतात, पुढे जातात. फिरून झालं की भिंतीला हात टेकवतात, एक पाय उचलतात आणि तळपाय मालकाला दाखवतात.

"हाई देखा साहेब. हाऊ तुम्हना भाव."

एका कॉलेजच्या प्राचार्यांनाही त्यांनी असाच तळपाय दाखवला. प्राचार्य चष्मा लावून वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "द्या कोटेशन."

मी त्यांना शास्त्र शिकवायचा प्रयत्न केला होता. म्हटलं, आपा, हल्ली सगळं चौरस फुटावर चालतं. मी टेप घेऊन येतो. एका मंगल कार्यालयात गेलोही. मी टेप धरून भिंतीभिंतीने रांगत होतो आणि आपा आचाऱ्याशी गप्पा मारत होत्या. शेवटी माझा आकडा आला. आपांचा त्याच्या दीडपट.

"जेवणमां वरण-बट्टी शे," आपा म्हणाल्या. "बट्टी शे तं तूप शे. तूप शे तं गरम पानी, सोडा, नि दोन बाया जास्त. मास्तर, तुन्ही टेप भिंतपाईन भिंत मोजस. चिकट कोठे मोजस?"

पण तूप हा त्यांच्या हिशोबाचा अर्धाच भाग. त्यांचं मुख्य वाक्य निराळं आहे, आणि ते त्या कुठेही म्हणतात: "फरशीना भाव येगळा, माणूसना भाव येगळा." एका नव्याकोऱ्या बंगल्यात फिरून त्यांचा तळपाय आरशासारखा परत आला, तरी त्यांनी भाव दुप्पट सांगितला. का? तर मालक रायलीबाईला "ए, तिकडून जा" म्हणाला. रायलीबाई म्हणजे त्यांच्या नऊ जणींतली सगळ्यांत जुनी. उलट ब्राह्मणपुरीच्या एका एकट्या म्हाताऱ्याच्या घरी तळपाय कोळशासारखा निघाला आणि भाव निम्मा लागला, कारण त्याने घाण दाखवायच्या आधी विचारलं होतं, "च्या लेशी का वं माय?"

माझ्या दुकानाचा भाव मी कधी विचारला नाही. माझ्या दुकानात आपा चपला काढत नाहीत.

नऊ वर्षं त्या येतायत. काउंटरशी उभ्या राहून कोटेशन तोंडी सांगतात, मी टाइप करतो. वाचता त्यांना फक्त उर्दू येतं, पण आकडे पक्के आणि ओळी मोजून ठेवलेल्या. आणि प्रत्येक कोटेशनची शेवटची ओळ एकच: "बठनं, अर्धा तास." मी शुद्ध करून 'बसणे, अर्धा तास' असं टाइप करतो, समोर आकडा टाकतो. एकदा विचारलं होतं, "बसणं म्हणजे नेमकं काय, आपा?"

"बठनं म्हंजे बठनं. तू आते बठेल शे ना, तसं."

मी हसलो. मला वाटलं, विनोद केला.

यंदा दिवाळीच्या आधी प्रकाशा या तीर्थाच्या गावी एका ट्रस्टचं नवं भक्तनिवास तयार झालं. चाळीस खोल्या, वर्षभराची सफाई, सीलबंद कोटेशन मागवलेलं. आपांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम. आणि त्यात नुसता मोठेपणा नव्हता. त्यांच्याकडे नऊ जणींना वर्षभर पुरेल इतकं काम नसायचं, मग दिवाळी झाली की बायका पोराबाळांसकट गुजरातेत ऊस तोडायला जायच्या. पोरांची शाळा त्या वर्षापुरती संपायची. या वर्षीही ऊसतोडीचा मुकादम पाड्यावर येऊन बसला होता. बायकांनी त्याला सांगितलं होतं, गुरुवारी सांगतो. गुरुवारी पाकिटं उघडायची होती.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच तर मी ती ओळ गाळली. शेवटच्या ओळीवर नजर गेली आणि वाटलं, बसण्याचे पैसे कुठला ट्रस्टी देईल? हसतील, आणि पाकीट बाजूला ठेवतील. मी ओळ काढली, बेरीज सुधारली, प्रिंट मारली, पाकीट चिकटवलं. चिकटवताना स्वतःवर इतका खूश होतो, की स्वतःच चहा मागवून प्यायलो.

गुरुवारी आपा माझ्या स्कूटरवर मागे बसून प्रकाशाला आल्या. रायलीबाई आणि बाकीच्या आधीच येऊन भक्तनिवासाच्या ओट्याखाली जमिनीवर ओळीने बसल्या होत्या. आत ट्रस्टी मंडळी, समोर अध्यक्ष आबासाहेब, आणि आणखी दोन ठेकेदार. तीन पाकिटं फुटली. कारकुनाने आकडे वाचले. आपांचा सगळ्यांत कमी.

मी आपांकडे बघून भुवई उडवली. आपा माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या उभ्या होत्या.

"थांबा साहेब. हाऊ आकडा मन्हा नही."

"अहो, तुमच्याच कागदावर आहे," कारकून म्हणाला.

"बारा ओळी सांग्या व्हत्यात मी. कागदवर कितल्या शेत, मोजा."

कारकुनाने मोजल्या. अकरा.

"एक मास्तरनी खाई टाकी," आपा म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. पंखा नवा होता, चांगला होता.

"कोणती ओळ?" आबासाहेबांनी विचारलं.

"बठनं, अर्धा तास."

शेजारचा ठेकेदार मोठ्याने हसला. "बठाना बी पैसा? मंग आम्ही बी लिखतूत, झोपनं, एक तास!"

"तुन्हाकडे बाया टिकतस तरी का रे भाऊ, झोपाले?" आपांनी विचारलं.

आता हसणाऱ्यांची बाजू बदलली. कारकुनाने मात्र गणित केलं होतं. ओळ परत घातली तर आपांचा आकडा दुसऱ्या नंबरावर जात होता आणि काम त्या हसणाऱ्या ठेकेदाराला. त्याने तसं सांगितलं. मी आपांच्या बुरख्याची बाही ओढली. "आपा, राहू द्या ना ती ओळ! बायका बाहेर बसल्यात. मुकादम थांबलाय."

"माले माहीत शे," आपा म्हणाल्या. बाही सोडवून घेतली. "ओळ घाला साहेब."

मग त्या आबासाहेबांकडे वळल्या. "तुम्हन्या चाळीस खोल्या. खोलीमां दोन-दोन खुर्च्या. मन्ह्या बाया रोज ऐंशी खुर्च्या पुसतीन. अर्धा तास तेसवर बठतीन बी. खाले नही, खुर्चीवर. पटनं तं द्या. नही पटनं तं राम राम."

आबासाहेब खुर्चीत पुढे सरकले. इतका वेळ ते शुद्ध मराठीत अध्यक्ष होते, आता एकदम अहिराणीवर आले. त्या ठेकेदाराला म्हणाले, "तू ही इमारत देखी का रे?"

"नकाशा देखा ना, आबा. व्हाट्सअॅपवर उना व्हता."

"आनि आपा, तुम्ही?"

"भोजनगृहनी फरशी उलटी उतारले शे. पानी मोरीकडे जात नही, दारकडे येस. वरला मजलावर चुन्याना थर तसाच शे, पाय भाजतस. मांगली बाथरूममां पानी टपकस."

आबासाहेब उठले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि सगळ्यांसमोर अनवाणी भोजनगृहाकडे चालते झाले. मागोमाग दोन ट्रस्टी, त्यांचेही बूट हातात. पाच मिनिटांनी तिघे परत आले, दाराची चौकट धरून तिघांनी एकेक पाय उचलला आणि एकमेकांचे तळपाय पाहिले. अशी सभा मी आजवर पाहिलेली नाही.

"सहा महिने करून बघू," आबासाहेब बसत म्हणाले. "बारा ओळींसकट."

बाहेर रायलीबाईला कळलं तेव्हा ती आधी हसली नाही. तिने पदराआडून फोन काढला, मुकादमाला "नाही येत" एवढंच सांगितलं आणि फोन बंद केला. मग आपांनी व्हरांड्यातली एक खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली. रायलीबाई तिच्या अगदी कडेवर टेकली. कुणी ओरडलं तर उठायला सोपं पडावं, अशी.

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पपईच्या बागा होत्या आणि मागे आपा. मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "गाडी देखीसन चालाव."

मग आपणहूनच बोलायला लागल्या. माझ्या पाठीशी बोलत होत्या, म्हणून बहुतेक बोलू शकल्या.

"एक घरमां अकरा वरीस काम करं मी, मास्तर. सगळ्या खुर्च्या मन्हा हातखालनी गयात. कोनती कुरकुर करस, तेबी माले माहीत. पन बठनी नही कधी. कोनी म्हनं नही, नि मी बी इचारं नही."

"मग?"

"काम सोडं त्या दिनले घर खाली व्हतं. मालकीन गावले जायेल. मी सगळं पुसं, नि म्हनं, आते एकदाव बठी देखू. खुर्चीले हात लावा..." पुढे ट्रॅक्टर आला, मी हॉर्न वाजवला. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "बठता उनं नही. घरमां कोनी नही, देखनार कोनी नही, तरी बठता उनं नही."

मी स्कूटरचा वेग कमी केला. तेवढं एक शहाणपण त्या दिवशी मी दाखवलं.

"नुसतं बठ म्हनं तं बाया बठतस नहीत," आपा म्हणाल्या. "कागदवर लिखेल शे, भाव लायेल शे, म्हनीसन बठतस."

शहाद्यात पोचलो. ओळीसकट नवा कागद करून द्यायचा होता. मी शटर वर केलं, खुर्चीत बसलो, मशीन चालू केलं. आपा नेहमीसारख्या काउंटरशी उभ्या राहिल्या. बारावी ओळ टाइप करायला बोटं ठेवली आणि माझी बोटं तिथेच राहिली. तू आते बठेल शे ना, तसं.

दुकानात स्टूल आहे. कोपऱ्यात, कागदाच्या रिमांखाली, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरांखाली. नऊ वर्षं तिथेच आहे. मी धडपडत उठलो, रिमा खाली ठेवल्या, त्यातली एक पायावर पाडून घेतली, स्टूल ओढून काउंटरच्या बाहेर आणलं.

"बसा, आपा."

आपांनी स्टुलाकडे पाहिलं. एक बोट त्यावरून फिरवलं आणि ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"नऊ वरीस लायात रे, मास्तर. नि तेबी पुसेल नही."