पान मिटेना

तेनकाशीहून येणारी मुलाकडची मंडळी गाडी चुकल्याने मायावरमला उशिरा पोचली, त्यामुळे साखरपुड्याआधीच पंगत बसवावी लागली. जेवणं आटोपून राहुकाळ लागायच्या आत दोन्ही घरांनी फळं-तांबूलाची ताटं बदलली की सोयरीक पक्की. नाहीतर पुढचा मुहूर्त पोंगलनंतरचा, आणि तोवर कोणाचं मन कुठे फिरेल ते परमेश्वरच जाणे.

‘गोविंदा!’ असा गजर झाला आणि केळीच्या पानांवर वाफाळता भात पडला. मुलीचे काका पंचनदम आणि मुलाचे थोरले काका कोदंडरामन समोरासमोर बसले होते. सांबार झालं, रसम झालं, ताकही झालं. आता या दोघा वडीलधाऱ्यांनी पानं मिटायची, मगच पंगत उठायची.

पण पानं काही मिटेनात.

मुलीकडे तृप्त झालेला माणूस पान आपल्याकडे मिटतो. पलीकडे मिटायचं ते तेराव्याला. मुलाच्या घराण्यात बरोबर उलट. हा फरक आपल्या एकट्यालाच कळलाय, असं दोघेही समजत होते. आपल्या रीतीने मिटावं तर व्याही दुखावणार, त्यांच्या रीतीने मिटायला हात धजेना.

आणि न मिटलेलं पान दिसलं की वाढपी थांबतो थोडाच?

“काका, पायसम?”

“वाढा,” कोदंडरामन म्हणाले. नको म्हटलं तर पान मिटावं लागणार!

“मलाही,” पंचनदम म्हणाले. पाहुणा जेवत असताना यजमानाने हात कसा आखडायचा?

मुलीची आई अलमेलू मागून कुजबुजली, “अहो भावजी, राहुकाळ लागेल आता! मिटा की पान!”

“वहिनी, पाहुणा अजून जेवतोय.”

तिकडे नवरामुलगा काकुळतीला आला होता. “मोठे काका, आधी माझं लग्न ठरू द्या, पोट मग भरा!”

“गप रे. हौसेनं खातोय का मी?”

शेवटी वाढप्याने रिकामं पातेलं उपडं करून दाखवलं. दोघांनी डोळे मिटले, मनात देवाचं नाव घेतलं आणि एकदमच पानं मिटली. पंचनदमनी पलीकडे, कोदंडरामननी आपल्याकडे.

पंगत गारठली. दोन्हीकडच्यांना आपापल्याच काकांनी तेराव्याचं पान मिटलेलं दिसत होतं.

“भावजी! काय केलंत हे?”

“त्यांच्यात असंच मिटतात, वहिनी. म्हटलं, त्यांना वाईट वाटायला नको.”

कोदंडरामन बघतच राहिले. “अहो व्याही, मी तरी कुणासाठी मिटलं?”

दोघांचे डोळे पाणावले. गळाभेट घ्यायला म्हणून दोघांनी जमिनीला हात टेकले, जोर लावला, पण पोटं काही हलेनात.

“राहुकाळ!” शास्त्री ओरडले.

मग ताटंच तिथे आणली आणि मिटल्या पानांवरून, बसल्या बसल्या बदलली. शास्त्रींनी मंत्र म्हटले, बायकांनी मंगलगाणी म्हटली, सगळे अक्षता झटकून बाहेर पडले. दोघे वडीलधारे मात्र राहुकाळभर तिथेच भिंतीला टेकून, लग्नाच्या जेवणात गोड एकच असावं की दोन, यावर वाद घालत बसले.