टेस्टोस्टेरॉनचा तुलनात्मक तक्ता

माणसाच्या आयुष्यातला कोणताही प्रश्न तक्त्यात बसतो. बसत नसेल तर तक्त्याला एखादा रकाना कमी पडलेला असतो, एवढंच. आमच्या खरेदी विभागाची उभारणी ह्याच तत्त्वावर झालेली आहे. खुर्ची असो, पाण्याचा पाइप असो की आगीच्या वेळी वापरायची लाल बादली, तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय, त्यांचा तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय आणि त्यावर तीन सह्या पडल्याशिवाय आमच्याकडे काहीही आत येत नाही. (बादल्यांचा तक्ता सध्या दुसऱ्या सहीवर आहे. आग तोवर थांबली आहे, हा तिचा समजूतदारपणा.)

विभागाचे प्रमुख तक्तेसाहेब. हजेरीपटावर त्यांचं दुसरं काहीतरी नाव आहे, पण ते फक्त हजेरीपटच वापरतो. वय अठ्ठेचाळीस. उंची मध्यम, पोट मध्यमच्या थोडं पुढे. स्वभाव सरळ, म्हणजे पट्टी ठेवून मारलेल्या रेघेइतका सरळ. लग्नसुद्धा त्यांनी तक्ता करूनच केलं. सात रकाने, चार मुली. वहिनी दुसऱ्या आल्या होत्या. पहिलीने नकार दिला (तिचाही तक्ता असावा), म्हणून नियमानुसार दुसऱ्या क्रमांकाला संधी मिळाली. ही माहिती साहेबांनी पारदर्शकतेखातर लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी वहिनींना दिली. एकोणीस वर्षांनंतरही वहिनींना ती शब्दशः आठवते. त्यांची स्मरणशक्ती फार चांगली आहे, असं साहेब कौतुकाने सांगतात.

वहिनी एका वाचनालयात काम करतात. तीन महिन्यांपूर्वी, एक तारखेला, त्यांना वरिष्ठांकडून पत्र आलं. तीन तासांवरच्या गावात वाचनालयाची नवी शाखा निघते आहे, तिच्या प्रमुख म्हणून तीन वर्षं जाल का? होकार किंवा नकार वीस तारखेपर्यंत कळवावा. वहिनींनी ते पत्र साहेबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, जेवण झालं की दहा मिनिटं बसा. बोलायचंय."

साहेब "हो" म्हणाले आणि ताटावर बसल्या बसल्या झोपले. हात खरकटा, मान पुढे.

"तुमच्यात जीवच राहिलेला नाही हो," वहिनी म्हणाल्या.

हे वाक्य मात्र साहेबांच्या कानात शिरलं. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने उठून पत्रात काय आहे ते विचारलं असतं. पण साहेबांना आलेल्या तक्रारीचं स्वरूप आधी ठरवायची सवय. जीव राहिलेला नाही, म्हणजे पुरवठ्यात घट आहे. घट आहे, तर मोजली पाहिजे. मोजायची, तर वस्तूचं नाव हवं.

नाव मेव्हण्याने पुरवलं. वहिनींचा हा धाकटा भाऊ व्यायामशाळा चालवतो आणि दारातून थोडा तिरका होऊन आत येतो.

"टेस्टोस्टेरॉन, भाऊजी! पुरुषाची ताकद, उमेद, सगळं त्याच्यावर. चाळिशीनंतर दरवर्षी टक्काभर गळती. तुम्ही आता अठ्ठेचाळीस. करा हिशोब."

बाकीचं किती समजलं कोण जाणे, पण गळती हा शब्द साहेबांना समजला. पाइपांमुळे.

आता आमच्याकडे दोन तासांची सवलत फक्त दुपारी तीननंतर मिळते, सकाळी मिळत नाही. (सकाळी माणूस ताजा असतो, त्यामुळे कार्यालयाला लागतो.) म्हणून साहेबांनी पावणेचारला, डबा खाऊन, रक्त दिलं. आकडा आला दोनशे अडतीस. प्रयोगशाळेच्या कागदावर ठीक आकडा तीनशेपासून वर सुरू होत होता.

साहेब एकटे पडू नयेत म्हणून विभागातल्या आम्ही सहाही पुरुषांनी रक्त दिलं. सगळ्यांनी तीच सवलत घेतली आणि त्याच वेळी गेलो. सातपैकी सात जण कमी भरले. सरासरी दोनशे एकतीस. अभिलेखपालाचा आकडा एकशे चौऱ्याण्णव, तो त्याने दोन दिवस कुणाला दाखवला नाही आणि तिसऱ्या दिवशी विभागात सर्वात कमी म्हणून दाखवत सुटला. ह्यावरून साहेबांनी निष्कर्ष काढला की कमतरता व्यक्तींची नसून पदांची आहे. तसं पत्र मुख्य कार्यालयाला गेलं. मुख्य कार्यालयाने पदनिहाय आकडेवारी मागवली आहे.

दरम्यान दरपत्रकं मागवली गेली.

पहिलं दरपत्रक उपचाराचं. काचेचा दरवाजा असलेल्या एका केंद्रात घट्ट शर्टातला एक सल्लागार बसतो. तो प्रत्येक वाक्य 'सर'ने सुरू करतो आणि 'सर'वर संपवतो, त्यामुळे मधलं लक्षात राहत नाही.

"सर, रोज सकाळी खांद्यावर जेल चोळायचं, नाहीतर ठरावीक दिवसांनी इंजेक्शन. तुम्ही परत पंचविशीत, सर."

साहेबांनी आपल्या पंचविशीची जुनी माहिती काढून पाहिली. त्या वर्षी ते टपाल विभागात होते आणि झोपेबद्दल त्यांना एक ताकीद मिळाली होती. तरीही त्यांनी दरपत्रक स्वीकारलं, अटींसह. अटी अशा: रक्त दाट होऊ शकतं, त्यामुळे ते वरचेवर तपासायचं. मूल हवं असेल तर अडचण. एकदा सुरू केल्यावर थांबवणं सोपं नाही. जेल लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबायचं, वर कपडा घालायचा आणि उघड्या खांद्याचा घरातल्यांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. म्हणून साहेबांनी तक्त्यात 'मिठीवर परिणाम' असा रकाना घातला आणि सध्याची स्थिती लिहायला पेन उचललं. शेवटची मिठी कधीची, ते सापडेना. रकान्यात 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहिलं.

दुसरं दरपत्रक नैसर्गिक मार्गाचं, पुरवठादार मेव्हणा.

"आठ तास झोप, वजनं उचला, पोट उतरवा, पिणं कमी, अंगावर ऊन घ्या. आणि ही मुळीची पावडर, सकाळ-संध्याकाळ."

"ही पावडर कुठे मिळते?"

"माझ्याकडेच."

"नैसर्गिक आहे कशावरून?"

"भाऊजी, डब्यावर पानाचं चित्र आहे की!"

ह्यावर साहेब समाधान पावले. आम्हीही बादल्या चित्रावरूनच पसंत केल्या होत्या.

तक्ता वाढत गेला. बारा रकाने झाले, मग अठरा, मग सत्तावीस. दिवसा विभागाचं काम असल्यामुळे साहेब तो घरी, जेवणानंतर करायला बसू लागले. झोप सहा तासांवरून साडेचारवर आली. आठ तास झोपेचे फायदे ह्या विषयावर त्यांनी एकट्याने नऊ पानं लिहिली, तीही जागून. एक रकाना होता 'पत्नीचे मत'. त्यात 'मागवणे बाकी' असं होतं. वहिनी रोज त्या रकान्याच्या समोर येऊन उभ्या राहत.

"अहो, आज तरी बसता का? दहाच मिनिटं. उत्तर द्यायचंय मला."

"अगं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना? तक्ता होऊ दे, मग बसूच."

चौदा तारखेला आवक-जावकच्या ताई साहेबांच्या टेबलाशी आल्या. विभागात आलेलं प्रत्येक पाकीट त्या फोडतात आणि आतला कागद शेवटपर्यंत वाचतात. ही त्यांची खोड मोडायचा अनेकांनी प्रयत्न केला आहे.

"साहेब, रक्त दुपारी दिलंत?"

"हो. का?"

"इथे लिहिलंय की नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावा. दुपारी आकडा खाली येतो. आणि एकदाच बघून ठरवू नये, वेगळ्या दिवशी परत तपासावं."

"कुठे लिहिलंय?"

"सगळ्यात खाली. बारीक अक्षरात. आपण पुरवठादारांना अटी लिहितो ना, तिथेच."

आम्ही सगळ्यांनी आपापले कागद काढून पाहिले. खाली बारीक अक्षरात जे असतं ते समोरच्याने न वाचण्यासाठी असतं, ही आमची वीस वर्षांची समजूत. ते आपणही वाचायचं असतं, हे आम्हाला कुणी लेखी कळवलेलं नव्हतं.

साहेबांनी चार वर्षांत पहिल्यांदा सकाळची रजा घेतली. दोन वेगवेगळ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. तीनशे एक्याण्णव आणि चारशे पाच. कागद घेऊन ते घरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्या तक्त्यासाठी नेमलेल्या समितीचा सचिव म्हणून मीही सोबत होतो.

बाईंनी आकडे पाहिले. "ठीक आहेत. झोप किती?"

"चार, साडेचार तास."

"का?"

"टेस्टोस्टेरॉनचा तक्ता करतोय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तो आधी बंद करा. ज्यांचं खरोखर कमी असतं त्यांना हे औषध मी स्वतः देते आणि त्यांना फरक पडतो. तुम्हाला नको. बाहेरून माल यायला लागला की शरीर आपला कारखाना बंद करतं. मग बसाल आयुष्यभर दरपत्रकं मागवत. झोपा, चाला, पोट कमी करा. घरी कुणाशी बोलता का?"

"बायको आहे ना घरी."

"ते नाही विचारलं मी."

इथे एखादा सामान्य माणूस तक्ता फाडून घरी गेला असता. पण उघडलेली फाइल निर्णयाशिवाय बंद करता येत नाही, आणि आमच्यापुढे एक गंभीर अडचण होती. दरपत्रकं दोनच होती. नियमाला तीन लागतात. दोन दिवस विभागात दुसरं काम झालं नाही. (पहिलंही झालं नाही, पण ते नेहमीचंच.) शेवटी अभिलेखपालाने तिसरा पर्याय सुचवला: काहीच न करणे.

तो तक्त्यात घातला आणि चमत्कार झाला. दुष्परिणाम: नाहीत. कष्ट: नाहीत. उपलब्धता: तात्काळ. मिठीवर परिणाम: आहे तीच स्थिती कायम. पुरवठादाराचा पूर्वानुभव: एकोणीस वर्षे. सर्वात कमी त्रासाचं दरपत्रक मंजूर करावं असा नियम आहे, त्यामुळे तिसरं दरपत्रक एकमताने मंजूर झालं. एकोणीस तारखेला त्यावर तीन सह्या पडल्या. साहेबांची, अभिलेखपालाची आणि माझी.

वीस तारखेला संध्याकाळी साहेब तक्ता घेऊन घरी निघाले. वहिनींकडून 'वाचून समजले' अशी सही घ्यायची होती, म्हणून मी बरोबर होतो. वहिनी दिवाणखान्यात पुस्तकं खोक्यात भरत होत्या.

"झाला एकदाचा तक्ता," साहेब म्हणाले. "आता बस. दहा काय, वीस मिनिटं बोलू."

"आधी वाचा."

साहेबांनी सत्तावीस रकाने वाचले. वहिनींनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे जे चाललंय तेच."

"हो. पण आता मंजुरीसकट."

"बरं झालं. मी कालच होकार कळवला. सोमवारी रुजू व्हायचंय."

"कुठे?"

वहिनींनी एक तारखेचं पत्र खोक्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते पहिल्यांदाच वाचलं. अगदी खालपर्यंत.

"मला न विचारता?"

"तेरा वेळा विचारलं. बारा वेळा 'हं' म्हणालात. तेराव्या वेळी डोळे मिटूनच म्हणालात, योग्य ती कार्यवाही करावी. केली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला खरं सांगावं लागलं. तोंडी मंजुरी आमच्याकडे ग्राह्य धरतात.

"आणि तिथे मी पहिल्या नंबरवर आहे बरं का," वहिनी खोक्याला दोरी बांधत म्हणाल्या. "पदच एक आहे."

साहेब पत्र धरून उभे राहिले. सही मागण्याची ती वेळ नव्हती हे माझ्यासुद्धा लक्षात आलं. मी जिन्याकडे वळलो तेव्हा मागून वहिनींचा आवाज आला, आधीपेक्षा थोडा मऊ. "शनिवारी पहिली गाडी सहाला असते. यायचं असेल तर या. पण रात्रीची झोप काढून या, तिथे येऊन डुलक्या नकोत."

तेव्हापासून साहेब शुक्रवारी नऊलाच झोपतात, कारण शनिवारी पावणेपाचला उठायचं असतं. स्टेशनपर्यंत चालत जावं लागतं, त्या वेळी रस्त्यावर वाहन नसतं. नव्या शाखेत पुस्तकांची खोकी अजून तळमजल्यावर आहेत आणि कपाटं वरच्या मजल्यावर, त्यामुळे वजनंही उचलली जातात. पट्टा दोन भोकं आत आला आहे. मेव्हणा म्हणतो, पावडर. सल्लागाराचे 'सर, विचार केला का सर' असे निरोप अजून येतात. आकडा सध्या किती आहे हे मात्र सांगता येणार नाही, कारण साहेबांनी तो पुन्हा तपासलेलाच नाही. 'मिठीवर परिणाम' ह्या रकान्यात त्यांनी मागच्या सोमवारी पेन्सिलने काहीतरी लिहिलं आणि मी वाकून बघताच फाइल बंद केली. विभागाच्या दप्तरी आजही तिसरं दरपत्रकच लागू आहे.

आता फक्त माहितीसाठी एक नोंद. ही हकीकत सावकाश वाचायला दहा मिनिटं लागतात. वहिनींनी तेवढीच मागितली होती. हकीकत वाचत असताना मधेच कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. कशाला मंजुरी दिलीत, ते एकदा आत जाऊन बघून या.