कोरड्या गल्लीतला गूळ

दारोदारी उभी असलेली निळी बॅरलं संयोगिताच्या डोळ्यांत सलायची. गेल्या वर्षी तसल्याच बॅरलमधल्या डासांनी तिच्या सासूबाईंना, तानाबाईंना, डेंगीनं दवाखान्यात नेऊन झोपवलं होतं. तेव्हापासून सरकारच्या ‘कोरडा दिवस’ योजनेचं वारं तिच्या अंगात शिरलं होतं. आठवड्यातून एकदा घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतायचं, भांडी घासून वाळवायची. तसा ठराव ग्रामसभेत व्हावा म्हणून तिनं सरपंच अमरसिंहांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी ते वैतागून म्हणाले, शुक्रवारी आरोग्य खात्याचे साहेब येतायत, त्यांना तुमची गल्ली कोरडी दिसली तर ठराव मांडतो, नाहीतर हा विषय कायमचा बंद.

संयोगितानं घरोघर जाऊन बायकांना गळ घातली. गल्ली राजी झाली. घरचंच माणूस तेवढं अडून बसलं.

“नळ चार दिसानं येतोय,” तानाबाई म्हणाल्या. “त्यो चुकला तर तुझी योजना पिऊ व्हय?”

“शुक्रवारीच आपली पाळी हाय की, आत्या. वतायचं आन् लगेच भरून घ्यायचं.”

शुक्रवारी उजाडताच बॅरलं आडवी झाली, घागरी उपड्या पडल्या, गटारं दुथडी वाहिली. गल्ली अशी लखलखली की संयोगिताला भरून आलं. मग नळ सोडायची वेळ झाली आणि नळातून नुसती हवा फुसफुसली. गावची मोटर जळाली होती.

तेवढ्यात सरपंचांना घेऊन साहेब हजर. आता दारी आलेल्या पाहुण्याच्या हातावर गूळ आणि समोर पाण्याचा तांब्या ठेवायचा, ही इथली रीत. तांब्या कोरडाठाक, पण म्हणून रीत मोडायची कशी? पहिल्या घरी गुळाचा खडा आला. दुसऱ्या घरी मोठा आला, कारण पाणी नसल्याची भरपाई करायची होती. नाही म्हणावं तर बायकांचे चेहरे पडत होते. साहेब खात गेले, मान राखायला सरपंचही खात गेले. गल्लीच्या टोकाला तानाबाईंच्या दारी पोचेपर्यंत दोघांची जीभ टाळूला चिकटली होती. ठराव बुडाला, असं म्हणत संयोगिता दाराआड उभी राहिली.

“जरा पाणी मिळेल का?” साहेबांनी कसंबसं विचारलं.

तानाबाईंनी शांतपणे गुळाची वाटी पुढं केली. “न्हाय. तुमच्याच योजनेपायी वतलंय सगळं. नळ रोज आला तर बॅरल कशाला ठेवंल कोण? दारातली जागा अडतीया नुसती.”

साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. आधी रोजचं पाणी आणि मग कोरडा दिवस, दोन्ही एकाच ठरावात घ्या, असं त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं. सरपंचांना बोलवेना, त्यांनी मान हलवली.

दुसरी मोटर आली, रोज नळ येऊ लागला आणि बॅरलं भंगारात गेली. कोरड्या दिवसाची देखरेख तानाबाईंनी आपणहून अंगावर घेतली. बॅटरी घेऊन त्या घरोघर वाकून बघायच्या. एका शुक्रवारी त्यांना आपल्याच खिडकीत, संयोगिताच्या मनीप्लँटच्या बाटलीत, अळ्या वळवळताना दिसल्या. बाटली उंच धरून त्या गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

“आत्या, घरात या की,” संयोगिता काकुळतीनं म्हणाली.

“ग्रामसभेचा ठराव हाय, बाई,” तानाबाई म्हणाल्या. “सुनंला माफी न्हाय त्यात.”