मिस्त्रींनी गुण्या मागवला

गवंडीकामातलं मला सगळं येतं, फक्त हात लावायचा बाकी आहे, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. मोबाईलवर शंभर व्हिडिओ बघितले होते ना! ग्रेस हसली नाही. तिसाव्या वर्षी दुकानातली नोकरी गेलेल्या नवऱ्याला कोण हसणार?

बेलापुरात भागवत मिस्त्री मालनबाईंचं स्वयंपाकघर बांधत होते. "नोहा, आजचा दिस बघतो," ते म्हणाले. "जमलं तर तुज्या अप्रेंटिसच्या फॉर्मवर सही. न्हाई तर घरची वाट धर." फॉर्म द्यायची उद्या शेवटची तारीख होती.

दुपारपर्यंत मी विटा भिजवल्या, वाळू चाळली, चूक एकही नाही. मग मिस्त्री एक डोळा मिटून म्हणाले, "कोपरा बाहेर गेल्यावानी दिसतोय. जा, गुण्या आन. त्याच्याबिगर कळायचं न्हाई."

मी पळालो. गावात गुण्या एकच, म्हातारे गवंडी गुणवंतराव. त्यांना गुण्या म्हणायची हिंमत फक्त बालमित्र भागवत मिस्त्रींची. एका ओट्याच्या उतारावरून दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते. मला वाटलं, मिटलं असेल, बरं झालं.

"भागवतनं बोलावलं? मला?" गुणवंतराव खाटेवर उठून बसले.

"तुमच्याशिवाय कोपरा कळायचा नाही म्हणाले."

म्हातारा खाटेवरून उतरला. मग धुतलेला सदरा घातला, टोपी झटकली आणि माझ्याही पुढे चालायला लागला.

आम्हाला बघून मिस्त्रींच्या हातातली थापी तशीच राहिली.

"बोलावलंस व्हय?" गुणवंतरावांनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हत्यारांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या लोखंडी काटकोनाकडे. कोपरा तपासायचा गुण्या म्हणजे तो, हे मला तेव्हा कळलं. फॉर्म हातचा गेलाच म्हणायचा.

"व्हय," मिस्त्री हळूच म्हणाले. "मीच बोलावलं."

गुणवंतराव वाकले. "अर्धा इंच बाहेर हाय."

"मोतीबिंदू झालेल्याला काय दिसतंय?"

"मग लाव की लोखंडाचा गुण्या."

लावला. बरोबर अर्धा इंच. मालनबाईंनी चहा दिला, आणि दोघं ओट्याच्या उतारावरून पुन्हा भांडायला लागले, पण एकाच फळीवर बसून.

संध्याकाळी मिस्त्रींनी फॉर्मवर सही केली. "उद्या आठला ये. भिंत सरळ उभी हाय का बघाया ओळंबा लागंल."

मी मान डोलावली.

"नोहा, ओळंबा पिशवीतच हाय. कुनाच्या घरी जाऊ नको."

खोटं कशाला सांगू, तोवर बेलापुरात नाही तर शेजारच्या देवळाली प्रवऱ्यात तरी ओळंबे आडनावाचं कुणी आहे का, हे मी आठवत होतो.