आवाजाचे टायर

नाना गाडी अनवाणी चालवतात. चपला काढून सीटखाली सरकवतात, कारण त्यांच्या मते पाय आणि ॲक्सिलरेटर यांच्यात "मदला मानूस" नको. पेडल हलकं दाबलं की गाडी बॅटरीवर चालते, पेट्रोल लागत नाही आणि समोरच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा चढतो. त्या आकड्यावर नानांचा दिवस ठरतो. तो पंचवीसच्या खाली आला तर ते जेवताना बोलत नाहीत, असं त्यांच्या पत्नी सुमनकाकू सांगतात.

नाना आमचे कडावचे शेजारी. भातशेती, चार म्हशी आणि ही जुनी हायब्रिड सेडान. कळंबच्या ज्या रिसॉर्टवर ते दूध घालायचे, तिथल्या मुंबईकर मालकाने ती विकायला काढली होती. बरेच महिने ती आंब्याखाली धूळ खात होती. शेवटी "मुकं जनावर हाय, असं बांदून मारू नये" म्हणत नानाच ती घरी घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडचं दूध सेडानमधून जातं. डिकीत तीन कॅन, त्यांच्यामध्ये गोणपाट आणि पुढच्या सीटवर मी. कारण माझं ऑफिस कर्जतला आणि नानांचं शेवटचं गिऱ्हाईकही कर्जतला.

मला फारसं बोलता येत नाही. नानांची त्याबद्दल तक्रार नाही, कारण बोलण्याला वजन नसलं तरी त्यांचं लक्ष आकड्यावरून हलतं. गाडीत बसण्याचे त्यांचे नियम आहेत. एसी लावायचा नाही. काच चार बोटंच उघडायची, जास्त उघडली तर वारा आत शिरून "मागं खेचतो". छत्री बाहेर झटकायची, पाण्याचंही वजन असतं. एकदा मी डबा विसरल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं गं बाय, तेवडीच हलकी." कर्जतला पोचल्यावर मात्र त्यांनी मला वडापाव घेऊन दिला. गाडीतून उतरल्यावर.

मागून टेम्पोवाले हॉर्न वाजवतात, एखादा शिवी देऊन पुढे जातो. नाना सायकलच्या वेगाने चालत राहतात. "जाऊ दे त्याला. त्याला डिझेल उडवायचं हाय. आपला इज्जतीचा प्रश्न हाय."

नानांच्या घरी ते आणि सुमनकाकू, दोघंच. काकूंची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. उजेड आणि सावली कळते, बाकी नाही. पण घर, गोठा, अंगण सगळं त्यांच्या पायांना पाठ आहे. अंगणात त्या कधीच चपला घालत नाहीत. भात वाळत घालतात, कोंबड्या कोंडतात, म्हशीला नावाने रागावतात. नवीन माणसाला पहिल्या भेटीत काही कळतही नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी मी आमच्याकडे कपडे वाळत घालत होते. काकू अंगणात फाटकाकडे पाठ करून ताडपत्रीवर भात पसरत होत्या. रस्त्यापासून त्यांच्या अंगणापर्यंतच्या वाटेला उतार आहे. नाना त्या उतारावरून बॅटरीवर आले, म्हणजे काहीच आवाज न करता आले. रोज या वेळी काकू ओट्यावर असतात. त्या दिवशी नव्हत्या. गाडी थांबली तेव्हा बंपर त्यांच्या लुगड्यापासून वीतभर होता.

काकू पायाने भात पसरत राहिल्या. त्यांना काहीच कळलं नाही.

नानांनी गाडी तशीच मागे घेतली, रस्त्यावर लावली आणि चालत आले. फाटकातून मोठ्याने खोकले. "आलो गं."

"गाडी कुठाय?"

"वर ठेवली. वाटेत चिकल हाय."

"मार्गशीर्षात चिकल?" काकू म्हणाल्या. "दूध सांडलात काय?"

तेवढ्यात नानांना कुंपणापलीकडे मी दिसले. माझ्या हातात ओला टॉवेल होता. मी तो पुन्हा पिळला.

त्या दिवसापासून गाडी रस्त्यावरच राहू लागली आणि नाना रोज पहाटे कॅन हाताने वर चढवू लागले. मला राहवलं नाही. एका सकाळी मी गाडीत विचारलं, "नाना, आत येताना हॉर्न दिला तर?"

"हॉर्नला ती दचकते. मंग कुटं बी पळंल. गाडीवरच आली म्हंजे?"

"अंगणात खडी टाकली तर? आवाज होईल."

"अनवानी चालते ती. पायाला जमीन कळते म्हनून तर चालते."

"मग काकूंना सांगूनच टाका ना, काय झालं ते."

नानांनी पेडलवरचा पाय आणखी हलका केला. मग म्हणाले, "सांगितलं तर अंगनात यायचीच नाय ती. ओट्यावर बसून राहील जलमभर."

टायर गुळगुळीत झालेच होते. एका रविवारी नाना मला खालापूरच्या टायरच्या दुकानात घेऊन गेले. "तू इंग्रजी शाळेतली. टायरवरचं वाचून सांग." मला टायरमधलं काहीही कळत नाही, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

दुकानदार इरफानभाई नानांना ओळखून होते. त्यांनी चार टायर बाजूला काढूनच ठेवले होते. "नाना, खास तुमच्यासाठी. एकदम मक्खन. आवाज शून्य, ॲव्हरेज दोनने वाढणार."

"शून्य नको. आवाज करनारा दाखव."

"काय?"

"ज्याचा आवाज जास्त, तो दे."

पंक्चर काढायला आलेला एक रिक्षावाला हसला. "नाना, मग रिक्षाच घ्यायची होती ना! नाहीतर घुंगरमाळ बांधा गाडीला."

"बगितली बांदून," नाना म्हणाले. "चाकात जाते."

मग परीक्षा सुरू झाली. दुकानासमोर बारीक खडी होती. नानांनी मला रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभं केलं. ते मागून एकेक टायर घरंगळत आणणार. ऐकू आला की मी हात वर करायचा. कोणी बघत असेल तर मला धड उभंही राहता येत नाही. इथे अख्खं दुकान बघत होतं.

पहिला टायर पोटरीला लागला तेव्हा मी हात वर केला. दुसऱ्याला मी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा चुकीचा. एकदा बस गेली होती आणि एकदा काहीच नव्हतं. मिटल्या डोळ्यांनी उभं राहणं मला सोपं वाटलं होतं. आवाज कुठून येतोय ते कळायच्या आधी भीती येते, आणि पाय कुठे टाकावा ते सुचत नाही.

तिसरा टायर जाड खाचांचा होता. खडी त्याच्या खाचांत अडकून टकटक करत होती. मी हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. नाना पंधरा पावलं लांब होते. रिक्षावाल्याने टाळ्या वाजवल्या.

"हा घेऊ नका," इरफानभाई म्हणाले. "साईज बसते, पण टॅक्सीवालेसुद्धा परत आणतात. डोकं उठतं म्हणतात. आणि तुमचं ॲव्हरेज तीनने पडेल, आत्ताच सांगतो."

नानांनी टायरवर हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"पडू दे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चारी एका वेताचे हायत काय बग."

टायरवर तो कितव्या आठवड्यात बनला त्याचा आकडा असतो, हे मला इरफानभाईंनी दाखवलं. मी चारही आकडे वाचले. एकाच आठवड्याचे होते. "भावंडं हायत," नाना म्हणाले आणि टायर बसवून झाल्यावर चपला काढून सीटखाली सरकवल्या.

कडावला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. कित्येक दिवसांनी नानांनी गाडी खाली वाटेला घातली. वाटेवरची बारीक खडी खाचांत शिरून टकटकायला लागली. त्यांनी चार बोटं उघडलेली काच पूर्ण खाली केली.

काकू अंगणाच्या मधोमध होत्या, सुपात दाणे घेऊन. आम्ही अजून वळणावरच होतो. त्यांची मान वळली.

"आलात काय?" त्या ओरडल्या. "थांबा, कोंबड्या हायत पायात!"

नाना थांबले. काकूंनी कोंबड्या हाकल्या, सूप कमरेला लावलं, सात पावलं चालून त्या ओट्याच्या पायरीवर चढल्या. "आता या!"

गाडी अंगणात आली. "काय वो ही खडखड? एवडी गरीब गाडी, तिची काय दशा केलीत!"

"दुकानदारानं फसवलं गं."

"तुमाला?" काकू हसायला लागल्या. "च्या टाकते. तुमाला फसवलंन म्हंजे त्याला भेटलंच पायजे." हसतच त्या आत गेल्या.

मी उतरले. नाना उतरले नाहीत.

"तू जा घरी, बाय," ते म्हणाले. "मी बसतो जरा."

मी कुंपणाच्या कडेने हळूहळू घराकडे निघाले. आतून काकूंची हाक आली, "अवो, च्या निवतोय!" थोड्या वेळाने दुसरी आली. मी वळून पाहिलं. गाडी केव्हाची थांबली होती, पण नानांचा पाय अजून ब्रेकवरच होता. मागचे दोन्ही लाल दिवे उन्हात पेटलेले होते.