बरणी नंबर सत्तावीस

विद्यार्थ्याचा आत्मविश्वास मोजायचा तर तो आधी अंगातून काढावा लागतो, आणि मोजून झाला की परत घालावा लागतो. विभागप्रमुख डॉ. सुमेधा टेंभुर्णे यांच्या शिक्षण-मानसशास्त्र विभागात यातलं पहिलं काम अगदी चोख होत असे. बी.एड.च्या चाळीस मुलांचा आत्मविश्वास लोणच्याच्या बरण्यांत भरून लोखंडी कपाटात ठेवला होता, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

सत्तावीस नंबरची बरणी चेतना भोयरची, काठोकाठ भरलेली. मॅडमच्या शोधनिबंधातला आलेख तिच्याच जोरावर वर चढला होता.

शुक्रवारी चेतना केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. एके काळी ही पोरगी शिकवणाऱ्यांनाच चार गोष्टी शिकवायची. आता चपला बाहेर काढाव्यात की नाही, हेही तिला ठरवता येईना.

"मॅडम, सोमवारी शाळेत मुलाखत आहे माझी. तेवढ्यापुरती बरणी देऊन द्या ना."

"अगं, निबंध अजून परीक्षकांकडे आहे. ते कधीही फेरमोजणी मागतील. तुझी बरणी उघडली की सगळी सरासरी कोसळणार."

मॅडमची बढती त्या निबंधावर अडली होती. त्यांना पोरीची दया आली, खरंच आली. पण बढतीच्या फॉर्मात दयेला गुण नव्हते.

"तरी नियमात सोय आहे," त्या म्हणाल्या. "अर्ज दे. स्वतः लिहिलेला, ठाम शब्दांत. लगेच सही करते."

चेतना तासभर कोऱ्या कागदापुढे बसली. 'महोदया' लिहिलं आणि खोडलं.

"जमत नाही मॅडम. तुम्हीच लिहून द्या ना."

"दुसऱ्यानं लिहिलेला चालत नाही गं."

"मग राहू द्या. तशीही मला नोकरी कोण देऊन राहिलं?"

ती गेली, तशा मॅडम उठल्या. नियम गेला चुलीत, असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. सत्ताविसाव्या बरणीमागे एक जुनी, धुळीनं माखलेली बरणी होती. तिच्यावर त्यांच्या दिवंगत मार्गदर्शकांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'कु. सुमेधा, एम.एड., १९९६'. प्रबंध झाला की परत देतो, असं सर म्हणाले होते.

ती परत मिळवायची तर विभागप्रमुखांकडे, म्हणजे स्वतःकडेच, अर्ज करायला हवा होता. मॅडमनी कागद घेतला, 'महोदया' लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघून खोडलं. मग कोणाला विचारल्याशिवाय सत्तावीस नंबर बाहेर काढायचीही त्यांची छाती होईना. त्यांनी कपाट लावून घेतलं.

सोमवारी चेतना मुलाखतीला गेलीच नाही. त्याच दिवशी मॅडमनी निष्कर्षात एक परिच्छेद वाढवला: 'दोन वर्षांत एकाही विद्यार्थ्याने आत्मविश्वास परत मिळण्यासाठी लेखी अर्ज केला नाही. यावरून विद्यार्थ्यांमध्ये मुळातच प्रेरणेचा अभाव असल्याचे दिसून येते.'

परीक्षकांना हा परिच्छेद फार आवडला. निबंध स्वीकारला गेला. सोबत एवढीच सूचना होती, की चाळीस मुलं कमी वाटतात. पुढच्या खेपेला शंभर घ्यावीत.